पट्टीची जागा

४ मार्च

आदरणीय भाचेबाईंना मामाचा कोपरापासून नमस्कार.

दरवेळी 'चि. चिंगीस अनेक आशीर्वाद' लिहितो, ते आज हातून उतरत नाही. राग तुझ्यावर नाही, तुझ्या धंद्यावर आहे. पण त्या धंद्यातलं माझ्या ओळखीचं माणूस एकच, तेव्हा तूच ऐकून घे.

तुझ्या मामीच्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकरा महिन्यांपूर्वी नाव घातलं होतं, ते तुला ठाऊक आहे. उजवा तर गेलाच. जिने जन्मभर प्रुफं तपासली, दुसऱ्यांचे हरवलेले स्वल्पविराम शोधून दिले, ती आता ताटात काय वाढलंय ते मला विचारते. गेल्या आठवड्यात एकदाचा निरोप आला. वीस एप्रिल ही तारीख मिळाली आहे, दोन दिवसांत इस्पितळाच्या पानावर जाऊन 'निश्चित करा' हे बटण दाबा, नाहीतर नंबर जाईल. मी त्याच दिवशी वाचनालयातल्या संगणकावर जाऊन बसलो. नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, सगळं तीनदा वाचलं. 'अटी मान्य आहेत' या चौकोनात खूण केली. बाण नेऊन 'निश्चित करा'वर ठेवला आणि दाबलं. दाबता दाबता अख्खं पान हललं. शेजारी बसलेल्याने कोपराने ढकलावं तसं डावीकडे सरकलं. आणि समोर अक्षरं आली, 'आपली नोंद आपण स्वेच्छेने रद्द केली आहे. धन्यवाद.'

धन्यवाद म्हणे!

इस्पितळात धावलो. खिडकीवरच्या बाईंनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाल्या, "काका, इथे 'स्वेच्छेने रद्द' असं आलंय. आता नवीन अर्ज करा, नाव यादीच्या शेवटी लागेल." मी म्हटलं, बाई, कुठला माणूस बायकोचा डोळा स्वेच्छेने रद्द करेल? त्या म्हणाल्या, कारणं लिहायला रकाना नाही.

चिंगे, मी चाळीस वर्षं छापखान्याच्या बांधणीखात्यात कागद कापायचं मशीन चालवलं. हाताची दहाही बोटं शाबूत घेऊन निवृत्त झालो, आणि त्या खात्यात असे आम्ही तिघेच होतो. माझा हात चुकत नाही. आता तू सांग, पान हलू शकतं की मामा म्हातारा झाला?

तुझ्या मामीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिने वीस तारखेसाठी पिशवीसुद्धा भरून ठेवली आहे. म्हणून फोन करू नकोस, दोन खोल्यांच्या घरात तिला सगळं ऐकू येतं. उत्तर वाचनालयाच्या पत्त्यावर पाठव.

तुझा,
मामा


११ मार्च

प्रिय मामा,

पत्र वाचून फार वाईट वाटलं. तू म्हातारा वगैरे झालेला नाहीस. पण असं बघ, वाचनालयातले माऊस झिजलेले असतात. एकदा दाबलं की दोनदा लागतं. शिवाय घाईत बाण थोडा बाजूला गेला तरी आपल्याला कळत नाही. माझ्याकडूनही होतं. पान आपलं आपण हलत नाही रे, आम्ही ते फार तपासून देतो.

पुढच्या वेळी अक्षरं मोठी करून घे, आणि बटण दाबण्याआधी मनात पाचपर्यंत मोज. आता नवीन अर्ज लगेच भरून टाक म्हणजे निदान नंबर तरी लागेल. ते पान कुठल्या कंपनीने केलंय कोण जाणे, कळलं तर मी चौकशी करीन.

मामीला खरं सांगून टाक असं मला वाटतं. तिला माझा नमस्कार. ऑफिसात सध्या मरणाचं काम आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुझी,
चिंगी


१६ मार्च

भाचेबाई,

'पाचपर्यंत मोज' हे वाक्य मी वाचनालयात बसून चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचलं असतं तर ग्रंथपाल बाईंनी मला बाहेर काढलं असतं, कारण मी मोठ्याने बोलायला लागलो होतो.

तुझं म्हणणं थोडक्यात असं, की नाचता येईना अंगण वाकडं. अगं, अंगण खरंच वाकडं आहे! मी फूटपट्टी लावून आलो.

तुझा सल्ला मानून नवा अर्ज भरला. त्यालाही खाली तीच दोन बटणं. डावीकडे 'रद्द करा', त्याला लागून उजवीकडे 'निश्चित करा', दोन्ही पानाच्या उजव्या कडेला चिकटलेली. चौकोनात खूण केली आणि हात मांडीवर ठेवून नुसता बघत बसलो. एक सेकंद काही नाही. दुसऱ्या सेकंदाला बटणांच्या खाली सूचनांची लांबलचक यादी उमटली. उपाशी या, दागिने आणू नका, सोबत एक माणूस आणा. पान लांब झालं, पडद्यात मावेना, म्हणून वर-खाली करायची ती उभी पट्टी उजव्या कडेला येऊन बसली. तिची रुंदी साडेचार मिलिमीटर. काचेवर पट्टी धरून मोजली आहे. तेवढी जागा तिने पानातून खाल्ली. मग दोन बटणं एका ओळीत मावेनात. 'निश्चित करा' खालच्या ओळीत पडलं, आणि 'रद्द करा' उजवीकडे सरकून बरोब्बर त्याच्या जागी जाऊन बसलं. रेल्वेच्या बाकावरून माणूस पाणी प्यायला उठावा आणि दुसऱ्याने टेकावं, तसं. मी सहा वेळा करून बघितलं, सहाही वेळा तेच. पत्रामागे आकृती काढली आहे.

आमच्याकडे नवीन आलेल्या माणसालासुद्धा ठाऊक असायचं, की पुस्तक शिवलं की शिलाईची बाजू थोडा कागद खाणार. म्हणून छापण्याआधीच तिथला समास सोडायचा. शिवल्यानंतर ओळींची शेवटची अक्षरं आत गेली, तर कुणी वाचकाला म्हणत नसे की तुमचे डोळे झिजलेत. तुम्हाला माहीत आहे की पट्टी येणार. आज ना उद्या, या पानावर नाहीतर त्या पानावर येणारच. मग तिची जागा आधी का सोडत नाही? पाहुणा दारात आल्यावर घरच्या माणसाला खाटेवरून ढकलून द्यायची ही कुठली रीत?

आता शेवटचं. पान पार तळापर्यंत नेलं, तेव्हा मुंगीएवढ्या अक्षरांत ते करणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं. तेच नाव आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आहे. कॅलेंडर तू दिलंस. आणि तू लिहितेस, 'कुठल्या कंपनीने केलंय कोण जाणे.'

नव्या अर्जाचा नंबर चारशे बारा लागला आहे. डॉक्टर म्हणाले होते, जेवढा उशीर कराल तेवढी नजर कमी परत मिळेल.

मामा


२७ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज लिहायला बसले आणि रोज उठले.

मला माहीत होतं. पहिल्या पत्रात इस्पितळाचं नाव वाचलं तेव्हाच कळलं की पान आमचं आहे. 'कोण जाणे' लिहिलं ते खोटं. भीती वाटली असं म्हणू शकत नाही, कारण पान हलतं यावर माझा विश्वासच नव्हता. फक्त तुझ्याशी वाद नको होता. म्हणून तुझ्या हातावर ढकललं. माझं चुकलं, मामा.

तुझी आकृती बघून मी आमचं पान उघडलं. खूण केली, यादी आली, बटणं जागच्या जागी. दहा वेळा केलं, काही नाही. वाटलं, मामाचा हट्ट. मग तुझं ते 'साडेचार मिलिमीटर' पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं की माझ्या पडद्यावर पट्टीच नाही. आमच्या ऑफिसात एकतीस माणसं. एकतीसही जणांकडे सारखाच पातळ लॅपटॉप, आणि सगळे त्याच्यावर बोटं फिरवतात. त्या लॅपटॉपवर ही पट्टी, तिला आम्ही स्क्रोलबार म्हणतो, मजकुरावर तरंगते आणि क्षणात विरून जाते. जागा खातच नाही. पण माऊस जोडला की ती ठाण मांडून बसते. आणि अख्ख्या ऑफिसात माऊस एकालाही नव्हता!

खाली दारावरच्या पहारेकऱ्याच्या टेबलावर एक जुना, मळका माऊस आहे. तो मागून आणला आणि जोडला. खूण केली. एक सेकंद, दोन सेकंद, पट्टी आली, 'निश्चित करा' खाली पडलं, 'रद्द करा' त्याच्या जागी. मी किंचाळले. सगळे गोळा झाले. मग सगळ्यांनी आळीपाळीने करून बघितलं.

पुढचं लिहायला हात उचलत नाही. आलेल्या तक्रारींची आमच्याकडे नोंद असते. ती उघडली. गेल्या आठ महिन्यांत अकरा जणांनी हेच कळवलं होतं. एका बाईंनी लिहिलं होतं, 'पान थरथरलं आणि बटण पळालं.' प्रत्येकाखाली एकच उत्तर: 'आमच्याकडे आढळले नाही. बंद.' अकरांपैकी सात उत्तरांखाली माझी सही आहे. आढळलं नाही हे खरंच होतं, आढळेल अशा ठिकाणी आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

मोठ्या साहेबांना दाखवलं. त्यांनी दहा मिनिटांत दुरुस्त करवून घेतलं आणि म्हणाले, विषय संपला. निदान पुढे कुणाचं असं होणार नाही.

तुझी,
चिंगी


२ एप्रिल

चिंगे,

खोटं बोललीस ते कबूल केलंस, तेवढ्यापुरता राग गिळला. बाकीचा शिल्लक आहे, आणि तो तुझ्या मोठ्या साहेबांच्या वाट्याचा आहे.

दुरुस्ती बघायला गेलो. वा रे दुरुस्ती! पट्टीच काढून टाकलीत? डोकं दुखतं म्हणून डोकंच उडवलं. आता पान कुठे संपतं ते कळायला मार्ग नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त परिचारिका बसल्या होत्या, भावाची नोंद निश्चित करायला आलेल्या. पाऊण तास बसल्या. त्यांच्या पडद्यावर सगळा मजकूर दिसत होता, बटणं दिसत नव्हती. त्यांनी अक्षरं मोठी करून घेतली होती, त्यामुळे ती खाली गेली होती. पण खाली काही आहे हे सांगणारी पट्टीच नव्हती, मग त्यांना स्वप्न पडणार का? घरी जायला उठल्या तेव्हा मी हाताला धरून परत बसवलं. माऊसचं मधलं चाक फिरवून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगंबाई, याच्याखाली तळघर आहे होय!" लोकांना आगीतून काढून फुफाट्यात टाकलंत तुम्ही.

त्या साहेबांना सांग, पट्टी ही अडचण नाही. पट्टी माणसाला सांगते की अजून बाकी आहे, आणि तू एवढ्यावर पोचलास. तिला हाकलायचं नाही. तिच्यासाठी जागा सोडायची, ती येवो न येवो, पान आखूड असो की लांब. सोळा पानं एकत्र छापतात त्या फर्म्यात मधल्या पानाला समास कमी सोडला तर चालेल का, असं कुणी विचारलं असतं तर आमच्या फोरमनने त्याच्याकडे नुसतं बघितलं असतं.

इकडे वीस तारीख जवळ येते आहे. काल तुझ्या मामीने विचारलं, "इस्पितळात पंखा वर आहे की भिंतीला?" मी म्हटलं, वर. मला काय माहीत! आता मी पंख्याबद्दलसुद्धा खोटं बोलतो.

मामा


९ एप्रिल

प्रिय मामा,

पट्टीची जागा सोडली. खरं सांगू? एका ओळीची सूचना लागते. ती दिली की ब्राउझर कडेची तेवढी जागा पहिल्यापासून राखून ठेवतो. पट्टी आली तर तिथे बसते, नाही आली तर जागा मोकळी राहते, बाकीचं पान जागचं हलत नाही. एक ओळ, मामा. साहेबांनी त्यांच्या लॅपटॉपवर बघितलं आणि म्हणाले, "काहीच बदललं नाही, केलंस काय?" तिथे पट्टी तरंगते, त्यामुळे राखायला काही नसतंच. मग माऊस जोडून दाखवला. आता पानांची सजावट करणारी माझी मैत्रीण रुसली. उजवीकडे रिकामी पट्टी, पान एका अंगाला कललेलं दिसतं म्हणाली. म्हणून तेवढीच जागा डावीकडेही सोडली. तीही हो म्हणाली. 'रद्द करा' उचलून पार डाव्या टोकाला ठेवलं. एवढ्यासाठी पाच दिवस भांडले.

आता जे लिहिते ते नीट वाच. आणि आधी बस.

जुन्या नोंदी काढल्या. सूचनांची यादी उमटल्यापासून दोन सेकंदांच्या आत 'रद्द' दाबलेले किती, तेवढंच शोधलं. त्रेसष्ट माणसं. सगळी माऊसच्या संगणकांवरून. त्रेसष्टही जणांच्या नावापुढे 'स्वेच्छेने रद्द'. त्यातली एक मामी.

हे सगळं एका टिपणात लिहिलं, तक्रारी कुणी बंद केल्या तेही, माझ्या नावासकट. साहेबांनी टिपण वाचलं, दार लावलं आणि म्हणाले, इस्पितळात त्यांची ओळख आहे. मी हो म्हटलं की दुसऱ्याच दिवशी मामीची वीस एप्रिल परत मिळेल. टिपण मात्र टेबलाच्या खणात राहील, कारण ते बाहेर गेलं तर काम जाईल, कंपनीचं नाव जाईल आणि माझी नोकरीही जाईल. मी विचारलं, उरलेले बासष्ट? ते म्हणाले, "त्यांनी नवीन अर्ज केलेच असतील ना."

मी इस्पितळात आडून चौकशी केली. टिपण गेलं तर ते त्रेसष्टही जणांना परत घेतील, पण मूळच्या क्रमाने. मामीच्या आधी अठ्ठेचाळीस जण आहेत. म्हणजे वीस एप्रिल नाही. ऑगस्ट, कदाचित सप्टेंबर. आणि डॉक्टर उशिराबद्दल काय म्हणाले ते तूच लिहिलं आहेस.

साहेबांनी सोमवारपर्यंत वेळ दिलाय. मामा, मी मनातून हो म्हणून टाकलं आहे. मग त्या बाईंचं 'बटण पळालं' आठवतं. तू सांगशील तसं करीन.

चिंगी


१२ एप्रिल

चि. चिंगीस,

हो म्हण.

तीन पत्रं मी तुला शहाणपण शिकवलं आणि आता हे लिहितो, याची लाज वाटते. वाटू दे. ते बासष्ट जण मी पाहिलेले नाहीत. हिला रोज पाहतो. परवा तिने माझा सदरा समजून खिडकीचा पडदा घडी घातला आणि कपाटात ठेवला. मी तो गुपचूप परत टांगला.

तत्त्वं त्रेसष्ट जणांना पुरतात, नजर एकीला. हो म्हणून टाक, आणि याविषयी मला पुन्हा कधी लिहू नकोस.

मामा


१२ एप्रिल, संध्याकाळ

चि. चिंगीस,

ओळी वाकड्या जातील. शाई कुठे संपली तर तिथलं तू भरून घे.

ह्यांच्या खिशात तुझं पत्र होतं. कागदाचा आवाज मला कळतो. म्हटलं, वाचून दाखवा. ह्यांनी वाचलं, मध्ये चार ठिकाणी वाक्य तुटलं. चाळीस वर्षं मी गळलेली वाक्यं पकडून पगार घेतला, आणि हे मला गाळून वाचून दाखवतात! म्हटलं, आता सगळं वाचा. मग सगळी पत्रं वाचली, पहिल्यापासून. त्यांनी तुला आज काय लिहिलं तेही त्यांनीच सांगितलं. रडत होते. ते पत्र तुला हे पत्र मिळेल त्याच वेळी मिळेल. ते खोडून टाक.

मला राग आला आहे. ह्यांचा आला, सव्वा महिना मला पिशवी भरून बसवलं म्हणून. माझा डोळा, माझी तारीख, आणि मलाच पत्ता नाही. तुझा आला, सात वेळा न बघता 'बंद' लिहिलंस म्हणून. आमच्याकडे एखाद्याने न वाचता प्रुफावर सही केली तर दुसऱ्या दिवशी तो आमच्यात जेवायला बसत नसे. आणि त्या तुझ्या साहेबाचा तर इतका आला, की भांडं हातात होतं ते आपटलं.

पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली, तर त्रेसष्ट प्रतींत शुद्धिपत्र चिकटवायचं असतं. ओळखीच्या वाचकाची प्रत तेवढी सुधारून बाकीच्या तशाच बाजारात पाठवणारा छापखाना मी पाहिलेला नाही. माझ्या नावावर तसला छापखाना निघायला नको. अठ्ठेचाळीस जण माझ्या आधी होते ना? मग आधीच जाऊ देत. त्यांच्याही घरी कुणीतरी सदऱ्याऐवजी पडदा घडी घालत असेल. हो, ते मला कळलं होतं. घडी घालून झाल्यावर.

भीती मला वाटते. खूप वाटते. पण टिपण पाठव.

मामी


६ जून

प्रिय मामी, प्रिय मामा,

सोमवारी सकाळी दोन्ही पत्रं एकदम हातात पडली. दोन्ही वाचली. अकरा वाजता टिपण पाठवलं. मामा, तुला राग आला असेल तर तो माझ्यावर काढ, मामीवर नको.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही होत नव्हतं. इस्पितळ म्हणे चूक कंपनीची, कंपनी म्हणे चूक वाचनालयांच्या जुन्या संगणकांची. चोराच्या उलट्या बोंबा. मी प्रत्येक बैठकीला पहारेकऱ्याचा तो माऊस आणि दुरुस्तीआधीचं जुनं पान घेऊन गेले. शेवटी इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी स्वतः खूण केली, स्वतः दाबलं, आणि स्वतःच 'रद्द' झाल्या. त्यानंतर पाच मिनिटांत ठरलं. त्रेसष्टांच्या नावापुढचं 'स्वेच्छेने' काढलं, सगळ्यांना पत्रं गेली. दर आठवड्याला दोन जास्तीची ऑपरेशनं करणार आहेत. मामीची तारीख एकोणीस ऑगस्ट.

पत्रं पाठवताना कळलं की त्रेसष्टांपैकी तिघे आता नाहीत. त्यातल्या एक त्या 'बटण पळालं' लिहिणाऱ्या बाई. मुलीने कळवलं, शेवटचे चार महिने आईला काहीच दिसत नव्हतं. मी उत्तर लिहिलं आहे. काय लिहिलं ते विचारू नका.

कंपनीने मला राजीनाम्याचा कागद टाईप करून दिला, 'मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे.' मी तो शब्द पेनाने खोडला आणि मग सही केली. सध्या घरी आहे. दोन ठिकाणी बोलावणं आलंय, दोन्ही ठिकाणी आधी माऊस आहे का ते विचारलं. ते हसले. मी हसले नाही.

एकोणीस ऑगस्टला मी येते आहे.

तुमची,
चिंगी


१४ सप्टेंबर

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

तू गेलीस त्यानंतर पंधरा दिवसांनी शेवटची तपासणी झाली. डॉक्टर पाटीवरची अक्षरं दाखवत गेले, मी वाचत गेले. वरच्या चार ओळी आल्या. पाचवी आली नाही. डॉक्टर म्हणाले, एप्रिलमध्ये केलं असतं तर कदाचित आली असती. तुझे मामा उठून खिडकीशी गेले. मी डॉक्टरांना म्हटलं, कदाचित हा शब्द मी लेखकांना नेहमी गाळायला सांगायचे.

आता मला माणसं दिसतात. जिना दिसतो, ताटात काय आहे ते दिसतं. ह्यांच्या कानावर एवढे केस वाढलेत हेही दिसलं आणि मी त्यांना त्याच दिवशी न्हाव्याकडे पाठवलं. वर्तमानपत्राचे मथळे वाचते. आतला मजकूर हे वाचून दाखवतात, न गाळता. पुस्तक मात्र पुन्हा वाचता येणार नाही. बारीक टाइप गेला तो गेला. राग अजून जात नाही आणि तो जावा असंही मला वाटत नाही, कारण तो खरा आहे.

तुझ्यावर नाही. परवाच्या पत्रात तू पुन्हा माफी मागितली आहेस असं हे म्हणाले. ते आता पुरे. ते पत्र मी स्वतः वाचायचा प्रयत्न केला, भिंगाने, उजेडात धरून. 'प्रिय मामी' एवढं जमलं, पुढचं सगळं मुंग्यांसारखं. ह्यांनी वाचू का विचारलं, मी नको म्हटलं आणि घडी करून उशीखाली ठेवलं.

ते पत्र पुन्हा लिहून पाठव. अक्षर अंगठ्याएवढं काढ, दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोड, आणि कागद वाचवत बसू नकोस.

मामी